दुसऱ्या इंजिनाचा भरवसा

ज्या विमानाचे उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन ५,७०० किलोपर्यंत असते त्याला सामान्यतः हलके विमान म्हणतात, आणि अशा विमानाला दोन इंजिने असली की बसणाऱ्याच्या मनात एक सरळ हिशेब तयार होतो: एक बंद पडले तरी दुसरे आहेच. हा हिशेब सर्वस्वी चुकीचा नाही, पण विमान कोणते, उंची किती, ऊन किती आणि वजन किती हे विचारल्याशिवाय त्याला अर्थही नाही. पश्चिमेला सह्याद्रीची भिंत, मध्ये कृष्णा-कोयनेचे खोरे आणि पूर्वेला माणदेश-जतचे तापणारे माळ अशी रचना असलेल्या सातारा-सांगलीच्या मुलखात तर हा प्रश्न केवळ पुस्तकी राहत नाही. कोयना प्रकल्पाच्या सोयीसाठी १९५० च्या दशकात कराडजवळ बांधलेली, सव्वा किलोमीटरच्या आसपास लांबीची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे पावणेसहाशे मीटरवर, म्हणजे १,९०० फुटांच्या आसपास आहे. (विमानाची उंची जगभर बहुतेक ठिकाणी फुटांत मोजतात, म्हणून पुढेही तेच माप वापरले आहे.) सांगलीजवळच्या कवलापूरची धावपट्टी कित्येक वर्षे वापरात नाही, पण तिची उंचीही साधारण तेवढीच भरते. या दोन ठिकाणांची उंची आणि एप्रिलमधले तापमान एवढ्या माहितीवर दुसऱ्या इंजिनाची परीक्षा घेता येते.

आधी संभाव्यतेचा मुद्दा. एका इंजिनाऐवजी दोन इंजिने असली म्हणजे कुठले तरी एक इंजिन बंद पडण्याची शक्यता कमी होत नाही, ती जवळपास दुप्पट होते. कमी होते ती दोन्ही एकाच वेळी बंद पडण्याची शक्यता. म्हणून दोन इंजिनांचा खरा फायदा तेव्हाच मिळतो, जेव्हा उरलेले इंजिन विमान पेलू शकते आणि वैमानिक त्या एकतर्फी ओढीत विमानावरचा ताबा टिकवू शकतो. यातली एक जरी अट पुरी झाली नाही, तरी दुप्पट झालेली बिघाडाची शक्यता तेवढी पदरात पडते आणि तिचा मोबदला मिळत नाही.

एक इंजिन गेले की शक्ती निम्मी होते हे कोणालाही कळते. वर चढण्याची क्षमता मात्र निम्म्याहून फार खाली येते, हे चटकन लक्षात येत नाही. इंजिनाच्या शक्तीचा मोठा भाग विमानाला त्याच उंचीवर, त्याच वेगात नुसते टिकवून ठेवण्यात खर्च होतो आणि त्यातून उरते ती शिल्लकच विमानाला वर नेते. अर्धी शक्ती गेली की घाव पडतो तो या शिलकीवर. शिवाय बंद इंजिनाचा पंखा आणि तिरके झालेले विमान यांमुळे हवेचा रोध वाढतो तो वेगळाच. लहान दुइंजिनी विमानांत एका इंजिनावर चढण्याचा दर दोन इंजिनांवरच्या दराच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत, कधी त्याहूनही खाली येतो.

पायपर कंपनीचे सेमिनोल हे प्रशिक्षणासाठी जगभर वापरले जाणारे विमान या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. प्रत्येकी १८० अश्वशक्तीची दोन पिस्टन इंजिने आणि १,७२४ किलो कमाल वजन असलेले हे चार आसनी विमान दोन्ही इंजिने चालू असताना समुद्रसपाटीला मिनिटाला १,३४० फूट चढते, तर एका इंजिनावर केवळ २१२ फूट. उंची वाढेल तशी हवा विरळ होते आणि हा आकडा आणखी खाली येतो. ज्या उंचीवर तो मिनिटाला ५० फुटांवर येतो तिला एका इंजिनाची व्यावहारिक कमाल उंची म्हणतात, आणि सेमिनोलची ती मर्यादा ३,८०० फूट आहे. महाबळेश्वरचे पठार सुमारे ४,५०० फुटांवर आहे. म्हणजे पूर्ण भरलेले सेमिनोल कोकणातून एका इंजिनावर महाबळेश्वरचे पठार ओलांडून कृष्णा खोऱ्यात येईल असा भरवसा धरता येत नाही. त्या इंजिनात कसलाही दोष नसला तरी.

याहून महत्त्वाचा मुद्दा तापमानाचा. विमानाला उंची कळत नाही, हवेची घनता तेवढी कळते. हवा तापली की विरळ होते, त्यामुळे तापलेल्या दिवशी विमान असे वागते की जणू ते प्रत्यक्षापेक्षा बऱ्याच उंचीवर उडत आहे. या मानीव उंचीला घनता-उंची म्हणतात. १,९०० फुटांवर प्रमाण वातावरणाचे तापमान ११ अंश सेल्सिअसच्या थोडे वर धरले जाते, आणि त्यापेक्षा जेवढे अंश जास्त, तेवढ्या पटीने घनता-उंचीत अंशामागे सुमारे १२० फुटांची भर पडते. एप्रिलच्या दुपारी कराडला पारा ३८ अंशांवर असला तर धावपट्टीची घनता-उंची ५,००० फुटांच्या पुढे जाते. सेमिनोलचे वरचे दोन आकडे सरळ रेषेत पुढे नेले तर त्याचा एका इंजिनावरचा चढ जवळपास याच उंचीवर शून्य होतो. तेव्हा त्या दुपारी पूर्ण वजनाच्या विमानाचे एक इंजिन चाके जमिनीवरून सुटताच बंद पडले, तर निष्णात वैमानिकाने प्रत्येक कृती अचूक करूनही विमान वर जाणार नाही. फार तर खाली येण्याचा वेग कमी राहील. डिसेंबरातल्या पहाटे, पारा १२ अंशांवर असताना, तेच विमान त्याच धावपट्टीवरून एका इंजिनावर मिनिटाला सव्वाशे-एकशेतीस फूट चढेल, म्हणजे दर किलोमीटरला जेमतेम १५ मीटर. आगाशिव, वसंतगड आणि सदाशिवगड या डोंगरांनी वेढलेल्या गावाजवळ हा चढसुद्धा मोठा म्हणता येत नाही, पण शून्यापेक्षा तो पुष्कळ आहे.

येथे कायद्याचा एक बारकावा सांगणे आवश्यक आहे. मोठ्या प्रवासी विमानाला प्रमाणपत्र देताना, उड्डाणाच्या निर्णायक वेगानंतर एक इंजिन गेले तरी ठरावीक कोनात चढता आले पाहिजे अशी सक्त अट असते, आणि धावपट्टी लहान किंवा दिवस उष्ण असला तर प्रवासी किंवा सामान कमी करून ती पाळावी लागते. लहान पिस्टन विमानांबाबत मात्र अमेरिकेच्या ज्या नियमांवर अशा विमानांची एक अख्खी पिढी प्रमाणित झाली त्या नियमांनी, २,७२२ किलोच्या आतल्या आणि कमी वेगात उतरणाऱ्या विमानांकडून एका इंजिनावर चढण्याची हमी मागितलीच नाही. चढीचा दर किती ते मोजून पुस्तिकेत नोंदवा, एवढेच सांगितले. तो दर ऋण आला तरी विमान कायदेशीरच. दोन इंजिने पाहून निर्धास्त होणाऱ्या प्रवाशाला ही गोष्ट क्वचितच कोणी सांगते. किंग एअर किंवा डॉर्निअरसारख्या टर्बोप्रॉप विमानांत, म्हणजे ज्यांत पिस्टनऐवजी वायूचे टर्बाइन पंखा फिरवते अशा विमानांत, वजनाच्या मानाने शक्ती बरीच जास्त असल्याने ही अडचण पुष्कळ कमी होते, पण ती विमाने महाग असतात आणि त्यांची निगाही खर्चिक.

चढ हा प्रश्नाचा एक भाग झाला. दुसरा भाग अधिक घातक आहे, कारण तो काही सेकंदांत निकाली निघतो. दोन्ही पंखांवर एकेक इंजिन असताना डावे बंद पडले की उजवे विमानाला पुढे ओढत असतानाच डावीकडे वळवते. जोडीतला एक बैल बसला की गाडी त्याच्या बाजूला फिरते तसाच हा प्रकार आहे, फक्त येथे गाडी हवेत असते आणि वळतानाच त्या बाजूला कलंडूही लागते. हे वळण रोखण्याचे साधन म्हणजे शेपटीच्या उभ्या पंखावरचे सुकाणू, ज्याला वैमानिक रडर म्हणतात आणि पायाने चालवतात. सुकाणूची ताकद वाऱ्याच्या वेगावर अवलंबून असते, म्हणून वेग एका मर्यादेखाली गेला की पाय शेवटपर्यंत दाबूनही वळण थांबत नाही. ही मर्यादा म्हणजे किमान ताबा-वेग. वेगमापकावर ती लाल रेघेने दाखवतात, आणि एका इंजिनावर सर्वांत चांगला चढ देणारा वेग निळ्या रेघेने. सेमिनोलमध्ये या रेघा अनुक्रमे ५६ आणि ८८ नॉट्सवर, म्हणजे ताशी सुमारे १०४ आणि १६३ किलोमीटरवर असतात. चढ मिळत नाही असे दिसताच वैमानिकाचा हात नकळत नाक वर खेचतो, वेग निळ्या रेघेकडून लाल रेघेकडे घसरतो, आणि जे विमान हळूहळू खाली येऊन शेतात बसले असते ते उलटे होऊन आदळते. लहान दुइंजिनी विमानांच्या जीवघेण्या अपघातांत हा क्रम इतक्या वेळा आढळतो की तज्ज्ञांच्या दृष्टीने इंजिन बंद पडणे ही त्यातली केवळ पहिली पायरी असते.

उंचीचा येथेही एक विचित्र परिणाम होतो. साध्या पिस्टन इंजिनाची ताकद विरळ हवेत घटते, त्यामुळे त्याची एकतर्फी ओढही घटते आणि किमान ताबा-वेग खाली सरकतो. ही गोष्ट वरवर दिलासा देणारी वाटते, परंतु पंखांवरून वाहणारी हवा सुटून उचल एकाएकी नाहीशी होण्याचा, म्हणजे स्टॉल होण्याचा, वेगमापकावरचा आकडा मात्र तेवढाच राहतो. परिणामी कराडच्या तापलेल्या दुपारी ताबा सुटण्याआधी स्टॉल येऊ शकतो. आणि एका बाजूला इंजिन जोरात चालू असताना झालेला स्टॉल बहुधा विमानाला गिरक्या घेत खाली नेतो.

सगळी इंजिने सारखी घातक नसतात, हेही लक्षात घेतले पाहिजे. वैमानिकाच्या बाजूने पाहता दोन्ही पंखे घड्याळाच्या दिशेने फिरत असतील, तर नाक वर असताना प्रत्येक पंख्याचे खाली उतरणारे उजवे पाते जास्त जोर लावते आणि उजव्या इंजिनाची ओढ मध्यरेषेपासून अधिक दूर पडते. म्हणून डावे इंजिन गेले तर उरलेले उजवे इंजिन विमानाला अधिक जोराने वळवते. अशा वेळी डाव्या इंजिनाला निर्णायक इंजिन म्हणतात. सेमिनोलमध्ये दोन पंखे विरुद्ध दिशांनी फिरवून हा भेद काढून टाकलेला आहे.

इंजिन गेल्यावर करायचे काम सांगायला सोपे असते: वेग राखायचा, विमान सरळ ठेवायचे, कोणते इंजिन गेले ते ओळखायचे आणि त्याच्या पंख्याची पाती वाऱ्याला समांतर करायची. या शेवटच्या कृतीला फेदर करणे म्हणतात. वाऱ्याने रिकामा फिरणारा पंखा विमानाला मागे खेचत असतो. त्याची पाती धारेवर वळवली की तो रोध एकदम कमी होतो. पिस्टन विमानात पाती फेदरकडे नेण्याचे काम स्प्रिंग आणि वजने करतात, तर तेलाचा दाब त्यांना उलट दिशेने धरून ठेवतो. मात्र जमिनीवर इंजिन नेहमीसारखे बंद करताना पाती फेदर होऊ नयेत म्हणून, फेरे मिनिटाला साधारण ८००-९०० च्या खाली आले की खटके आत सरकून पात्यांना अडवतात. त्यामुळे इंजिन जाम होऊन एकदम थांबले, किंवा वैमानिकाने निर्णयाला फार उशीर केला, तर लिव्हर मागे ओढूनही पाती वळत नाहीत. जमिनीवरच्या सोयीसाठी घातलेला खटका हवेत आड येतो तो असा.

बंद इंजिन ओळखण्याचा नियम वैमानिकांना तोंडपाठ असतो: विमान सरळ ठेवताना जो पाय मोकळा राहतो, त्या बाजूचे इंजिन गेलेले. तरीही घाईत चुकीचे इंजिन बंद करण्याचे प्रकार घडलेले आहेत, आणि अनुभवी वैमानिकही त्याला अपवाद नाहीत. ४ फेब्रुवारी २०१५ रोजी तैपेईत ट्रान्सएशियाच्या एटीआर विमानात, जे या लेखातल्या विमानांपेक्षा बरेच मोठे होते, उड्डाणानंतर लगेच उजव्या इंजिनाचा पंखा आपोआप फेदर झाला, कारण एका इलेक्ट्रॉनिक घटकातला डाखाचा जोड सदोष होता. वैमानिकाने मात्र चांगले चालणारे डावे इंजिन बंद केले. ५८ पैकी ४३ जण दगावले. मूळ बिघाडात विमान पाडण्याइतके काही नव्हते.

दोन इंजिनांच्या हिशेबात एक गृहीत दडलेले असते, ते म्हणजे दोन्हींचे बिघाड एकमेकांशी संबंधित नसतात. प्रत्यक्षात इंधन, बॅटरी, देखभाल करणारा हात आणि वैमानिक या गोष्टी दोघांना समाईक असतात. ४ मार्च २००७ रोजी जर्मनीतल्या श्पायरहून निघालेल्या डायमंड डीए-४२ विमानाची बॅटरी उतरलेली होती आणि इंजिने बाहेरच्या वीजपुरवठ्यावर सुरू केली होती. उड्डाणानंतर चाके आत घेताना विजेचा दाब क्षणभर पडला, दोन्ही इंजिनांच्या नियंत्रण-संगणकांनी एकाच वेळी दम तोडला आणि दोन्ही पंखे फेदर झाले. विमान पोटावर उतरले, प्राणहानी झाली नाही. हे विमान भारतातल्या वैमानिक-प्रशिक्षणातही वापरात असल्याने त्या घटनेचा धडा येथेही लागू आहे. ऑस्ट्रेलियात ३१ मे २००० च्या रात्री ॲडलेडहून व्हायाल्लाला निघालेल्या पायपर चीफटन विमानात एका इंजिनाचा क्रँकशाफ्ट तुटला आणि दुसऱ्याच्या पिस्टनला भोक पडले. विमान समुद्रात उतरवावे लागले आणि आठही जण मृत्यू पावले. तेथल्या तपासयंत्रणेने आधी असा निष्कर्ष काढला की एक गेल्यावर दुसऱ्यावर पडलेला ताणच त्याला घेऊन गेला. पुढे कॉरोनरच्या चौकशीत हा क्रम आणि त्यामागचे कारण यांवर गंभीर मतभेद झाले. तो वाद येथे सोडवायचे कारण नाही, पण पुरवणी म्हणून धरलेले इंजिन पहिल्याच्या बिघाडानंतर सर्वांत जास्त राबवले जाते, एवढे त्यातून कळते.

भारतातली यांत्रिक बिघाडाची सर्वांत बोलकी घटना मात्र इंजिनाशी संबंधित नाही. डॉर्निअर २२८ हे १९ आसनी, दोन टर्बोप्रॉप इंजिनांचे विमान कानपूरला हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये बांधले जाई. वजनाने ते ५,७०० किलोच्या रेषेच्या किंचित पलीकडे जाते, पण व्यवहारात त्याची गणना लहान विमानांतच होते. वायुदूत कंपनी लहान शहरांना जोडण्यासाठी ते वापरत असे, आणि सातारा जिल्ह्याला लागून असलेल्या भीमा खोऱ्यातही त्याची एक दुःखद नोंद आहे: २३ सप्टेंबर १९८९ रोजी पुण्याहून हैदराबादला जाणारे वायुदूतचे डॉर्निअर इंदापूर परिसरात उजनीच्या जलाशयात कोसळून ११ जण मरण पावले. पुढे वायुदूतचा कारभार इंडियन एअरलाइन्सच्या कमी पल्ल्याच्या विभागाकडे आला. ३० जुलै १९९८ रोजी अलायन्स एअरसाठी उडणारे असेच एक डॉर्निअर लक्षद्वीपच्या अगत्तीहून कोचीला आले आणि तिरुवनंतपुरमकडे निघाले. नौदलाच्या धावपट्टीवरून उठताच त्याचे नाक अनावरपणे वर गेले, विमान स्टॉल झाले आणि नौदलाच्याच आवारातल्या दुरुस्ती-कार्यशाळेच्या इमारतीवर पडले. विमानातले सहा आणि जमिनीवरचे तीन, असे नऊ जण दगावले. दोन्ही इंजिने तोवर नीट चालू होती.

बिघाड होता शेपटीत. विमान ज्या आडव्या पंखामुळे समतोल राहते तो डॉर्निअरमध्ये पूर्णपणे जखडलेला नसतो. वजनाची मांडणी आणि वेग यांनुसार त्याचा कोन बदलता यावा म्हणून त्याला एक विजेवर चालणारा दंड जोडलेला असतो. त्या दंडाचा पुढचा आधार विमानाच्या सांगाड्याला ज्या हाय-लॉक नावाच्या जोडणींनी पक्का करायचा, त्यांतल्या आवश्यक त्या बसवलेल्याच नव्हत्या. हाय-लॉक ही साध्या नट-बोल्टपेक्षा वेगळी चीज आहे: खिळ्यासारखा दांडा भोकात घट्ट बसतो आणि त्यावर फिरवायच्या कडीचे षट्कोनी डोके ठरावीक जोर मिळताच आपोआप तुटून पडते, त्यामुळे जोड नेमका तेवढाच आवळला गेला याची खात्री पाहणाऱ्यालाही होते. जेथे ती जोडणीच नाही तेथे तुटलेले डोके पाहण्याचा प्रश्न येत नाही. आधार अर्धवट निखळला, आडव्या पंखाची पुढची कड एकाएकी खाली गेली, शेपटी खाली दाबली गेली आणि नाक वर उसळले. संपूर्ण आडव्या पंखाची ताकद त्याच्या मागच्या कडेला लावलेल्या, वैमानिकाच्या हातातल्या पट्टीपेक्षा कितीतरी मोठी असते, म्हणून दांडी पूर्ण पुढे ढकलूनही नाक खाली येणे शक्य नव्हते. चौकशीने त्या कमी पल्ल्याच्या विभागातल्या देखभालीच्या ढिसाळ पद्धतींना कारणांत स्थान दिले. ते विमान त्याआधी अनेकदा उडाले असणार, आणि प्रत्येक वेळी उरलेल्या जोडणींवर थोडा जास्त भार पडत असणार.

म्हणून विमानाच्या नियंत्रण-प्रणालीला हात लावल्यावर ते काम दुसऱ्या, स्वतंत्र माणसाने पुन्हा तपासून सही करण्याची पद्धत असते. ती कंटाळवाणी असते आणि वेळ घेते. सुटणाऱ्या पाळीने अर्धवट ठेवलेले काम येणाऱ्या पाळीच्या नजरेस आणणारी दुसरी खात्रीची सोय मात्र अजून कोणी शोधलेली नाही.

अपघाताचे कारण यांत्रिक होते की नाही, हे ठरवणे बहुधा बातमीत दिसते तितके सोपे नसते. साताऱ्याच्या कोरेगाव तालुक्यातल्या कण्हेरखेडचे मूळ सांगणाऱ्या शिंदे घराण्यातले माधवराव शिंदे ३० सप्टेंबर २००१ रोजी कानपूरच्या सभेला निघाले असताना मैनपुरी जिल्ह्यात ज्या अपघातात गेले, त्यातले विमानही किंग एअर सी-९० हे लहान दुइंजिनी टर्बोप्रॉप होते. आठही जण मरण पावले. विमान हवेतच पेटल्याचे गावकऱ्यांनी सांगितल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. अशा साक्षींना तपासनीस महत्त्व देतात, पण निर्णय अवशेषांवर सोडतात: हवेत लागलेल्या आगीची काजळी वाऱ्याच्या दिशेने मागे ओढलेली असते आणि वितळलेल्या धातूचे थेंब मागच्या भागांवर उडालेले सापडतात, तर जमिनीवरच्या आगीची काजळी सरळ वर जाते. पंख्याची पाती कशी वाकली यावरून आदळताना इंजिन जोर देत होते का ते कळते. धोक्याच्या दिव्यांच्या बारीक तारा पाहिल्या तर दिवा त्या क्षणी पेटलेला होता का ते समजते, कारण तापलेली तार धक्क्याने ताणली जाते आणि थंड तार तुटते. तुटलेल्या भागाच्या कडेवर शिंपल्यासारख्या वलयांच्या रेषा दिसल्या, तर तडा महिनोन् महिने वाढत आला होता असे समजतात.

२८ जून २०१८ रोजी मुंबईत घाटकोपरला जुहूहून चाचणीसाठी उडालेले किंग एअर सी-९० भर वस्तीत पडून विमानातले चार जण आणि एक पादचारी दगावला, तेव्हाही पहिली शंका यंत्राबद्दलच होती, कारण विमान दीर्घ दुरुस्तीनंतर प्रथमच उडत होते. अपघात-तपास विभागाने, म्हणजे २०१२ मध्ये विमान-वाहतूक महासंचालनालयापासून वेगळ्या केलेल्या यंत्रणेने, बोट ठेवले ते पावसाळी हवेत ताबा सुटून झालेल्या स्टॉलवर. या यंत्रणेचे काम दोषी ठरवणे हे नसून पुनरावृत्ती टाळणे हे आहे, असे नियमच सांगतात. वृत्तपत्रांना आणि कधी नातेवाइकांनाही ते पटत नाही, यात नवल नाही.

याउलट २४ मे २०१६ रोजी पाटण्याहून रुग्णाला घेऊन दिल्लीला येणाऱ्या त्याच जातीच्या विमानाची दोन्ही इंजिने बंद पडली आणि वैमानिकांनी ते नजफगढजवळच्या शेतात पोटावर उतरवले. सातही जण वाचले. पंख सरळ, वेग स्टॉलच्या वर आणि समोर मोकळे रान, एवढ्यावर तो दिवस निभावला.

कृष्णा खोऱ्यात असे रान कोठे सापडेल हा प्रश्न येथल्या आकाशात शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या माणसाला टाळता येत नाही. कराड, वाळवा, पलूस भागात नदीकाठची जमीन सपाट असली तरी बहुतेक वर्षभर ती उसाखाली असते. पुरुष-दीड पुरुष वाढलेला फड वरून मऊ हिरवा दिसतो, पण चाके बाहेर असली तर ती त्यात अडकून विमान पुढे उलटण्याचा धोका असतो. तोडणीनंतरचे पाचटाचे रान त्या मानाने बरे, आणि नुकतीच खोल नांगरट झालेले ढेकळांचे रान वाईट. तासगाव-मिरजेच्या बाजूला द्राक्षबागांचे मांडव आहेत, म्हणजे लोखंडी अँगल आणि ताणलेल्या तारा. त्यांच्यावर उतरण्यापेक्षा शेजारचा गावरस्ता, विजेचे खांब सांभाळून का होईना, चांगला. पाटणच्या पठारांवर आणि चाळकेवाडीला पवनचक्क्यांची रांग आहे, तेथे वारा खवळलेला असतो आणि कडे तुटलेले. पूर्वेकडे आटपाडी-जतचे माळ उघडे, दगडगोट्यांचे, पण लांबलचक असल्यामुळे कमी उंचीवर इंजिन गेलेल्या विमानाला तेच सोयीचे; फक्त तेथे दुपारी घनता-उंची कराडइतकीच किंवा त्याहून वाईट असते. पावसाळ्यात हे चित्र बदलते: हवा गार असल्याने चढ मिळतो, पण ढग डोंगरांना टेकतात आणि उतरायला निवडलेल्या रानात चिखल झालेला असतो.